भाव फोडणारी अराबा

"दर्याला पाठ आहे की नाही? मग ती टेकायला आठवड्यातून एक दिवस नको त्याला?"

"टेकू दे की त्याने. आमची पोटं पाठीला लागलीत, त्याचं काय?"

नऊ वर्षांची अराबा उपड्या होडीच्या सावलीत शिंपले खेळत बसली होती, तेव्हा हे भांडण तिच्या कानावर पडलं. एका बाजूला तिची आजी, दुसऱ्या बाजूला कोळ्यांचा पुढारी एसुमान. घानाच्या किनाऱ्यावर अमोकुना नावाचं गाव आहे, तिथे मंगळवारी कुणी होडी पाण्यात घालत नाही. तो दर्याच्या विश्रांतीचा दिवस. पण त्या साली तारली किनाऱ्याकडे फिरकलीच नव्हती, आणि एसुमानचं म्हणणं पडलं की पोटापुढे कसला मंगळवार.

"टाका ना जाळी," आजी म्हणाली. "माझ्या बापाचं काय जातंय? पाणी तुमचं. पण ओल्या वाळूतून पाय कोरड्या वाळूत आला, की तिथून पुढे माझं राज्य. मंगळवारची मासळी आणा, आणि बघा तिचा भाव कोण फोडतं ते."

"मग काय सडवू मासळी?"

"सडवतोस कशाला? घरी बसून खा. पन्नास पाट्या तुला जड नाहीत, एसुमान. तोंड चांगलं ऐसपैस दिलंय देवाने."

एसुमान पाय आपटत निघून गेला, आणि मंगळवार जिथल्या तिथे राहिला. कारण त्या किनाऱ्यावरची रीतच तशी. होड्या लागल्या की भाववाली बाई पहिल्या पाटीपाशी उभी राहते, दोन मासे उलटेपालटे करते आणि भाव फोडते, म्हणजे दर जाहीर करते. ती बोलेपर्यंत एकही बाई मासळीला हात लावत नाही. तिने तोंड मिटलं, की सगळ्या किनाऱ्याचं तोंड मिटलं.

अराबा स्वतः मंगळवारची. त्या गावात मंगळवारी जन्मलेल्या प्रत्येक मुलीचं नाव अराबाच, त्यामुळे एक हाक मारली तर चारजणी वळून बघायच्या. म्हणून हिला अराबा टाचीवा म्हणत. शाळेत ती तिसरीपर्यंत गेली. मग आईच्या धुरीच्या भट्टीपाशी बसली, ती जन्मभर. डोळे लाल, हाताला मासळीचा वास, आणि जिभेला धार. नवरा मासेमारीला शेजारच्या देशात, आबिदजानला गेला. तिथून त्याने एक रेडिओ पाठवला, आणि मग रेडिओची खरखर तेवढी येत राहिली, नवरा काही आला नाही. स्वतःच्या दोन मुली होत्या, पण धाकटी बहीण बाळंतपणात गेली तेव्हा तिचा क्वामिना अराबाच्या ओटीत आला. त्यांच्यात वारसा चालतो तो बहिणीच्या मुलाकडे, त्यामुळे त्याचे लाड जरा जास्तच झाले. त्याच्या होडीचं इंजिनसुद्धा हिनेच घेऊन दिलं. लोक म्हणायचे, अराबाच्या घरात दोनच गोष्टींचा आवाज होतो, इंजिनाचा आणि क्वामिनाचा.

चोपन्नाव्या वर्षी मावशीमागून ती भाववाली झाली. आणि नेमका तेव्हापासून दर्याने रंग बदलायला सुरुवात केली, जसा काही तिचीच वाट बघत होता. नारळाची पहिली रांग गेली. मग दुसरी. आईची जुनी भट्टी एका पावसाळ्यात पाण्याने अशी नेली की वीट दिसली नाही. तारली यायची ती उशिरा, आणि पाहुण्यासारखी दोन दिवस राहून परत.

आणि तारलीच्या जागी जाळ्यात काय यायचं? चपला. पाण्याचे रिकामे पाऊच. तेलाचे डबे, पिशव्या, केसांचे नकली टोप.

आता इथे त्या पुरुषांची अक्कल बघा. जाळ्यात मासळी सोडून जे काही येईल, दगड, ओंडका, शिंपला, ते दर्याचं, ही पणजोबांच्या आधीची समजूत. ते घरी आणलं तर दर्या रुसतो. म्हणून तिथल्या तिथे पाण्यात सोडायचं आणि म्हणायचं, "तुझं तुला, बाबा." चपला आल्या तरी रीत कुणी मोडली नाही. एकेक पाऊच, एकेक चप्पल दोन्ही हातांनी, मान वाकवून, "तुझं तुला, बाबा," आणि परत पाण्यात! क्वामिनाने तर एकदा प्लास्टिकची अर्धी खुर्ची अशीच परत केली. दुसऱ्या दिवशी तीच खुर्ची त्याच्याच जाळ्यात. ती त्याने पुन्हा परत केली. तिसऱ्या दिवशी ती आली आणि जाळं उभं फाडून गेली.

"अरे गाढवा, बाहेर का नाही काढलीस?" अराबा ओरडली.

"दर्याची खुर्ची आहे ती, मावशी. तो मागतोय."

"दर्याला बसायला खुर्ची लागते होय रे? आणि ती पण अर्धी?"

क्वामिनाने जाळं शिवायला घेतलं आणि पाच दिवस होडी किनाऱ्यावर पडून राहिली.

मधे शहरातून हवामानवाले लोक आले. पांढरे बनियन वाटले, नारळांना प्लास्टिकचा फलक बांधला, आणि एका तरुण साहेबाने सांगितलं की दूरदूरच्या देशांतल्या धुराने समुद्र तापतोय, म्हणून तारली गार पाण्याकडे पळतेय, म्हणून पाणी चढतंय. अराबाने नीट ऐकलं. माणूस खोटं बोलत नव्हता, हे तिला डोळ्यांवरून कळलं.

"मग त्या देशांना सांगितलंस का?" तिने विचारलं.

"सांगतोय, आजी."

"ऐकतात?"

साहेबाने तिच्या भट्टीकडे बोट केलं. "धूर तर हाही आहे."

"वा रे वा! अख्ख्या जगाचा धूर सोडून तुला माझा बरा दिसला." बायका हसल्या. पण पुढच्या वर्षी तिने झाकणाची नवी भट्टी बांधली, कारण तिला लाकूड निम्मं लागतं. साहेबाने सांगितलं म्हणून नव्हे, हे तिने प्रत्येकाला दोनदा सांगितलं.

सभा संपली, गाड्या निघाल्या, आणि वाळूवर बघावं तर सभेत वाटलेल्या पाण्याचे शेकडो पाऊच. अराबा गाडीमागे धावली. काचेवर थाप मारून म्हणाली, "बाळा, तुझी परिषद इथेच विसरलास."

त्या रात्री नव्हे, त्या दुपारीच तिचं डोकं फिरलं. दूरदेशीच्या चुली तिला विझवता येणार नव्हत्या. सरकारने जुलै महिना मासेमारी बंद ठेवली तेव्हा पुरुषांनी जो थयथयाट केला, तोही तिने बघितला होता. "मंगळवार पाळता ना? मग जुलै म्हणजे एकतीस मंगळवार समजा," असं सांगून ती दमली होती. पण ही चप्पल? ही तर हाताशी होती. दोन्ही हातांनी धरून परत पाण्यात टाकण्याइतकी हाताशी!

पुढच्या मंगळवारी पुरुष जाळी शिवत बसले होते. ती मधोमध जाऊन उभी राहिली.

"उद्यापासून प्रत्येक होडीत एक गोणी. जाळ्यातला कचरा गोणीत, गोणी किनाऱ्यावर. ज्याची गोणी रिकामी, त्याच्या मासळीचा भाव मी फोडणार नाही."

"म्हणजे आम्ही आता भंगारवाले?" कुणीतरी म्हणालं.

"भंगारवाला दोन पैसे कमावतो. तुम्ही भंगार फुकट उचलता आणि पाया पडून परत ठेवता."

पुरुषांनी दर्याच्या पुजाऱ्याला उठवून आणलं. म्हातारा ओटू, काठीपेक्षा थोडा जाड. तो म्हणाला, "दर्याची वस्तू दर्याला परत करायची, ही रीत आहे, अराबा."

"बरोबर आहे, आजोबा. ज्याचं त्याला परत. मला एवढंच सांगा, ही चप्पल दर्याने घातली होती? हे टोप त्याने डोक्यावर चढवले होते? हे आपलं आहे. तो बिचारा रोज आपल्या दारात आणून ठेवतोय, 'तुमचं तुम्हाला' म्हणतोय, आणि आपण ते त्याच्याच तोंडावर मारतोय."

ओटूने काठी वाळूत रोवली. "विचार करावा लागेल," तो म्हणाला, आणि विचार करायला घरी गेला.

बुधवारी दहा होड्या गोण्या घेऊन आल्या. तोंडं कडू, पण गोण्या भरलेल्या. त्यांचा भाव तिने फोडला, पण मासळी इतकी थोडी की बहुतेक पाट्या रिकाम्याच राहिल्या. अकरावी होडी क्वामिनाची. तिच्यात त्या मोसमातली सगळ्यात मोठी मासळी, चांदीसारखी, काठोकाठ. आणि गोणी? घडी घालून, इंजिनाखाली, बसायला घेतलेली.

"मावशी, भाव."

अराबाने गोणीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि पदराने तोंड पुसलं. बोलली नाही.

सूर्य वर चढला. माशांचे डोळे मंद व्हायला लागले. बायका रिकाम्या पाट्या घेऊन उभ्या, भट्ट्या पेटवून आलेल्या. मान्सा तिची लहानपणापासूनची मैत्रीण, तिला राहवेना.

"अगं बाई, हट्ट तुझा आणि चुली आमच्या. घरचं पोर आहे, एकदा सोड की."

"घरचं आहे म्हणून तर."

"कचऱ्यापायी मासळी नासवणार तू?"

"मान्से, कचऱ्यापायी मासळी यायचीच बंद झाली, तर तू तुझ्या पाटीत चपला घालून धुरी देणार आहेस का?"

मान्सा चिडून दूर जाऊन बसली. आणि नेमका तेव्हा, जणू वासावरच, शहरातला बर्फगाडीवाला आला. त्याने होडीत डोकावून स्वतःच भाव सांगितला. पडेल भाव, पण भाव. क्वामिनाने मावशीकडे एकदा बघितलं आणि मासळी गाडीत भरली. होडीवरचे खलाशी खाली बघत पाट्या वाहत होते. भाववालीच्या तोंडून भाव निघाल्याशिवाय मासळी हलली, असं त्या किनाऱ्यावर कुणाच्या आठवणीत घडलं नव्हतं.

अराबा घरी आली ती न जेवता बसली. आंबवलेल्या मक्याच्या केंकीचा गोळा पानात तसाच, बाजूचा मिरचीचा ठेचा वाळून गेला. तिला दुःख क्वामिनाचं होतंच, पण भीती वेगळीच होती. आज एक होडी गाडीवाल्याकडे गेली, उद्या सगळ्या गेल्या, तर भाववाली राहायची ती नावापुरती, आणि किनाऱ्यावरच्या साठ बायकांना त्या गाडीच्या दाराशी हात पसरावे लागतील. तिच्या आजीने, मावशीने सांभाळलेलं बायकांचं राज्य एका चपलेपायी बुडवलं, असं लोक म्हणणार. आणि म्हणतीलच, तिच्या मनात आलं, लोकांना म्हणायला काय लागतं.

मोठी मुलगी म्हणाली, "आये, उद्या भाव फोड आणि मोकळी हो."

"उद्या फोडला, तर परवा माझ्या तोंडाला किंमत काय?"

गुरुवारी गाडीवाल्याने भाव आणखी पाडला. क्वामिना तणतणला, तर तो म्हणतो, "तुझ्या किनाऱ्यावर तुझा भाव फुटतच नाही. मग मी सांगेन तोच भाव." शुक्रवारी त्याहून कमी. शनिवारी खलाशी आपसात कुजबुजायला लागले, आणि त्यांच्या घरी बायका तर उघडच बोलत होत्या. सोमवारी क्वामिनाची होडी भरून आली आणि गाडी आलीच नाही. गाडीवाल्याला दुसरा किनारा सापडला होता. गाडीवाल्यांचं प्रेम ते तेवढंच.

मासळी वाळूवर. ऊन डोक्यावर. अराबा पहिल्या पाटीपाशी उभी, तोंड मिटून.

क्वामिना खलाशांना काहीतरी पुटपुटला. ते चौघे गावाकडे पळाले आणि घटकाभरात गोणी भरून, धापा टाकत, होडीच्या पलीकडच्या बाजूने आले, आणि जणू आत्ताच समुद्रातून आल्यासारखी गोणी मावशीपुढे ठेवली.

अराबाने गोणी उपडी केली. खडखडीत कोरडी. कोंबडीची पिसं, केंकी गुंडाळायची पानं, गल्लीतले पाऊच, आणि तिची स्वतःची फुटकी बादली, जी तिने परवाच मागच्या दारी टाकली होती.

"ही दर्यात सापडली?"

"हो, मावशी."

"कुठे?"

"आत. खोल."

"किती खोल रे?"

"बरंच."

"एवढ्या खोल पाण्यात हिच्यावर माझ्या नातीने कोळशाने काढलेलं कोंबडं कसं नाही पुसलं?"

क्वामिनाने मान खाजवली. खलाशांतला एकजण हसू दाबताना खोकला. मान्साने तर पदर तोंडात कोंबला.

अराबाला असा संताप आला की तीच बादली त्याच्या डोक्यात घालावी. मग तिची नजर गेली खलाशी आले त्या गल्लीकडे. ती गल्ली, जिथून गटार तुंबून दर पावसात घाण थेट समुद्रात जायची, जिच्यासाठी तिने घसा कोरडा केला होता, ती सणाच्या सकाळसारखी स्वच्छ. लबाडांनी घाईघाईत कानाकोपरासुद्धा सोडला नव्हता.

तिने बादली खाली ठेवली. दोन मासे उलटेपालटे केले. आणि भाव सांगितला. बायकांचे साठ हात एकदम पाट्यांत पडले.

"उद्या मंगळवार," ती जाताजाता क्वामिनाला म्हणाली. "परवाच्या गोणीत ओलं पाहिजे. निदान पाणी तरी मारून आण."

बुधवारी त्याने खरंच पाणी मारून आणलं! अशी जात. पण महिन्या-दोन महिन्यांत खऱ्या गोण्या यायला लागल्या, कारण कचरा परत टाकला नाही की जाळी कमी फाटतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. कबूल मात्र एकानेही केलं नाही. क्वामिना तर दुसऱ्या गावच्या कोळ्यांना सांगायचा की ही युक्ती त्याचीच.

आणि म्हातारा ओटू नवव्या दिवशी आला, सगळं उरकल्यावर. "दर्याला विचारलं मी. तो म्हणतो, अराबाचं बरोबर आहे."

"एवढ्याला नऊ दिवस लागले त्याला?"

"मोठा आहे तो. सावकाश बोलतो."

म्हणून तारली काही धावत आली नाही. पाणी अजून चढतंच आहे, नारळाची तिसरी रांगही वाकली आहे. पण गोण्या साठत गेल्या, मान्साच्या परसामागे डोंगर झाला, आणि मग नवीनच त्रास सुरू झाला. तो डोंगर उचलायला नगरपालिकेचा ट्रक हवा, आणि ट्रक होता कचेरीच्या कागदावर. तिथून तो हलेना.

तेव्हापासून मंगळवार आला की अराबा वडापच्या गाडीत बसायची, मांडीवर एक गोणी नमुन्याला, आणि तालुक्याच्या कचेरीत जायची. वीस वर्षांत साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, "पुढच्या आठवड्यात" हे उत्तर तेवढं बदललं नाही. ती भांडायची नाही. बाकावर बसायची, गोणी दारात ठेवायची, आणि तोंड मिटायची. तारलीचा मुरलेला वास पंख्याच्या वाऱ्यावर खोलीभर फिरला, की ट्रक निघायचा. ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसून यायची, कारण एकटा सोडला तर तो ट्रक वाटेत हरवतो, हा तिचा अनुभव.

ज्या आठवड्यात ती वारली, त्या आठवड्यातही मंगळवार होताच. शुक्रवारी तापाने तिला नेलं. मंगळवारी अंगात कसकस होती, पण गोणी मांडीवर होती.

"आजी, हे खाली उतरवा, वास येतोय," वडापचा पोरगा म्हणाला.

"नाक तुझं, गोणी माझी. तुझं तू सांभाळ."

कचेरीत नवा कारकून होता, इस्त्रीचा सदरा घातलेला. त्याने वर न बघता सांगितलं, "पुढच्या आठवड्यात."

"बरं," अराबा म्हणाली, आणि बाकावर बसली.

थोड्या वेळाने त्याने वर बघितलं. "आजी, तुम्ही अजून इथेच?"

ती बोलली नाही.

"काम असेल ना घरी?"

ती बोलली नाही. पंखा फिरत होता. कारकुनाने खिडकी उघडली, मग दुसरी उघडली. शेजारच्या टेबलावरचा जुना शिपाई हसत म्हणाला, "साहेब, नवीन आहात म्हणून सांगतो. एरवी ही किनाऱ्यावर बोलेपर्यंत मासळी विकली जात नाही. आज तिला सुट्टी आहे. संध्याकाळपर्यंत बसेल."

बारा वाजता ट्रक निघाला.

मान्साच्या परसामागे गोण्या चढवल्या. क्वामिना, त्याचेही केस आता पांढरे, खालून गोण्या देत होता आणि दर गोणीला कुरकुरत होता. ड्रायव्हर शिडीला हात लावून म्हणाला, "झालं, आजी. निघतो."

"ताडपत्री?"

"आज वारा कुठे आहे?"

"खाडीच्या पुलावर आहे. गेल्या वेळी अर्ध्या पिशव्या तिथेच उडवल्यास. मी बघितलं नाही असं वाटलं का?"

ड्रायव्हरने उसासा टाकून ताडपत्री ओढली आणि दोरीची गाठ मारली. अराबा ट्रकला वळसा घालून आली. तिने गाठ बोटाने खेचली. गाठ सुटली.

"परत बांध," ती म्हणाली. आणि तो बांधेपर्यंत उन्हात उभी राहिली.